न पिणारं झुडूप

बोरटेकच्या विहिरीला वैशाखातही पाणी असतं, ही बाब जोपर्यंत शासनाच्या निदर्शनास आली नव्हती, तोपर्यंत गावाचं बरं चाललं होतं.

पातूरच्या पुढे जिथं डोंगर सुरू होतो, तिथं हे गाव. गावामागे ई-क्लासची टेकडी. ई-क्लास म्हणजे सरकारी दप्तरात गुरं चरायची जमीन. गावाच्या हिशेबात ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. दिसायला टेकडी अगदीच गबाळी. इथं एक बोरीचं झुडूप, तिथं हिवर, मधेच पळस, त्यांच्या बुडाशी कुसळी गवत, आणि मधल्या जागा टकलासारख्या उघड्या. पाऊस पडला की पाणी त्या उघड्या जागेवरून धावत सुटायचं आणि पुढच्याच झुडपाच्या बुडाशी अडखळायचं. तिथली माती पालापाचोळ्यानं आणि वाळवीनं पोकळ झालेली. पाणी तिथं जे आत शिरायचं ते सावकाश, कुणाला न सांगता, महिनोन् महिने खाली झिरपत विहिरीत येऊन पोचायचं. हा सगळा प्रकार गावानं कधी मुद्दाम पाहिला नव्हता. टेकडीनं जळण द्यावं, बोरं द्यावीत आणि इनायतुल्लाच्या बकऱ्या पोसाव्यात, याउपर तिच्याबद्दल कुणाचं काही मत नव्हतं.

या गावात खुशालराव राहत. पायजम्याला नाडी असूनही वरून पट्टा बांधणारा माणूस. बसस्टँडवर बस लागलेली असली तरी ती आपल्याच गावची आहे ना, हे ते कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि शेजारच्या प्रवाशाला वेगवेगळं विचारत. त्यांच्या मुलीला, प्राजक्ताला, तेल्हाऱ्याचं स्थळ आलं. मुलगा नितेश अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लास चालवणारा, आणि त्याचे वडील किसनराव कपाशीचे मोठे शेतकरी. सगळं उत्तम, पण तेल्हारा पडलं खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीखाली पाणी भरपूर, आणि सगळं खारट. साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही.

किसनराव मुलगी पाहायला आले. बसल्याबरोबर त्यांना पाणी दिलं. त्यांनी एक गिलास पिऊन दुसरा मागितला. तिसरा पिऊन झाल्यावर मिशी पुसत म्हणाले, "पोरगी पसंत हाये."

"अजी, पोरगी अजून बाहीर आलीच नाई," खुशालराव म्हणाले.

"येईन ना, काय घाई हाये. इवाई, मले हुंडा नाई पायजे, आंदन नाई पायजे. फकस्त लगन तुमच्या गावात, पंगत तुमच्या गावात, अन् वरन या इहिरीच्या पान्यात शिजलं पायजे. आमच्याकडे दिवसभर चुलीवर ठेवा, डाळीचा दाना दान्यावानी राह्यते. माह्या बुढ्या बापानं मरेपर्यंत गळलेलं वरन खाल्लं नाई जी."

प्राजक्ताची शेवटची परीक्षा व्हायची होती, म्हणून लग्न पुढल्या सालच्या वैशाखात ठरलं. निघताना किसनरावांनी उंबऱ्यात थांबून विचारलं, "वैशाखात पानी असन ना?"

इथं खुशालराव गप्प राहिले असते तर ही कथा घडली नसती. पण मुलीचा बाप त्या दिवशी फार खुशीत होता.

"पंगतीचं काय घेऊन बसले, इवाई! साऱ्या वऱ्हाडाले पोहाले लावतो!"

बोलून गेले आणि काळजी लागली. वैशाखात विहिरीला पाणी असे, पण पोहण्याइतकं नसे. म्हणून सोमवारी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: 'आमच्या विहिरीस वैशाखापर्यंत पाणी असते. ते आणखी दोन हात वाढवून मिळावे, ही नम्र विनंती.'

"असलेलं पानी सरकारले काहून दाखोता?" दुर्गाबाई म्हणाल्या. खुशालरावांशी संसार करून त्यांना पुढचं दिसायची सवय झाली होती.

"अवं, मांगून पाह्याले काय जाते?"

पाणी नाही असा अर्ज आला तर तो कुठं न्यायचा, हे कार्यालयातल्या शिपायालाही पाठ होतं. पाणी आहे, असा अर्ज पहिल्यांदाच आलेला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि कुठंच बसेना, तेव्हा त्याच्यासाठी एक स्वतंत्र कक्ष स्थापन करण्यात आला. त्याचं नाव 'जलहिशेब कक्ष'. त्याला जागा मिळाली राजापेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, योगायोगानं नितेशच्याच ट्यूशन क्लासच्या डोक्यावर. कक्षाला एक साहेब दिले, गोवर्धन साहेब. साहेब हुशार होते, कामसू होते, आणि हातात फक्त एकच अर्ज असल्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता. गावाचं नशीब फिरायला इतकं पुरेसं असतं.

साहेब आले. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, मग टेकडीकडे पाहिलं.

"पाणी वरून येतं?"

"हाव साहेब."

"मग वाटेत हे कोण उभं आहे?"

"थे? थे बोरीचं झुडुप हाये जी."

"पाणी पितं?"

"पेत असन," खुशालराव म्हणाले. त्यांनी या बाजूनं कधी विचार केला नव्हता.

"कुणाच्या परवानगीनं?"

साहेबांनी एक मूळ काठीनं उकरून दाखवलं. "हे पाहा. मुख्य वाहिनी आणि ग्राहक यांच्या मधे जमिनीखालून पाइप टाकून जो पाणी ओढतो, त्याला आमच्याकडे अनधिकृत जोडणी म्हणतात. तुमच्या टेकडीवर अशा शेकडो जोडण्या आहेत खुशालराव. आणि तुम्ही पाणी वाढवून मागता!"

खुशालरावांना एकदम पटलं. इतक्या झुडपांचा घोटघोट वाचला तर विहीर काठोकाठ भरेल, आणि वऱ्हाड खरोखरच पोहेल. इतकी वर्षं आपल्या नाकासमोर ही चोरी चालली होती याचा त्यांना राग आला. त्याच दिवशी ते 'गाव जलहिशेब समिती'चे अध्यक्ष झाले.

कक्ष कायद्यानं चालणारा होता. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कारवाई होत नाही, म्हणून प्रत्येक झुडपाला क्रमांक देण्यात आला आणि फांदीला नोटीस बांधण्यात आली: 'आपण पाणी का पिता, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इनायतुल्लाच्या बकऱ्यांनी सगळ्या नोटिसा खाऊन टाकल्या.

इनायतुल्लाला बोलावणं गेलं. तो डोक्याचा रुमाल सोडत येऊन उभा राहिला.

"शासकीय नोटीस तुझ्या बकरीनं खाल्ली?"

"खाल्ली ते बेहतर झालं साहेब. वाचून राह्यली असती त मी घाबरलो असतो."

साहेबांनी नोंद केली: 'नोटिसा परिसरातील संबंधित घटकांनी स्वीकारून पचविल्या.' मुदत संपल्यावर मारुतीच्या पारावर सुनावणी झाली. शिपायानं पुकारा केला, "झुडूप क्रमांक एक, हाजिर हाये का?" वाऱ्यानं टेकडीवरचं गवत हललं, पण ती हजेरी धरता येत नव्हती. असं दुपारभर चाललं. एकही झुडूप उपस्थित राहिलं नाही आणि निकाल एकतर्फी लागला.

"माह्या बकऱ्यांनी मंग कायच्यावर चराव साहेब?" इनायतुल्लानं विचारलं.

"बकऱ्यांचा विषय पशुसंवर्धनकडे येतो. तिकडे जा."

"म्हंजे बकऱ्या त्या हापिसात चाराव का?"

यावर पारावरची सगळी मंडळी हसली. खुशालरावही हसले. मग गाव कुऱ्हाडी घेऊन टेकडीवर चढलं, कारण तोडलेलं जळण ज्याचं त्यानं न्यावं, असं आदेशातच लिहिलं होतं. गवत मुळासकट खरवडलं गेलं. चार-पाच आठवडे घरोघर बोरीच्या लाकडावर भाकरी झाल्या, आणि त्या काळात कक्षाबद्दल गावात कुणी वाईट शब्द काढला नाही.

एका ठिकाणी मात्र कुऱ्हाड अडली. टेकडीच्या पायथ्याशी खुशालराव आणि नत्थुजी या दोघांची वावरं लागून होती. मधे धुरा, म्हणजे बांध. त्यावर बोरी, हिवर आणि कमरेएवढं गवत माजलेलं. धुऱ्यावरून दोघांचं वीस वर्षांचं भांडण होतं: तू वखर चालवताना हातभर धुरा कोरलास, नाही, तूच कोरलास. मजूर कुऱ्हाड घेऊन आले तसे खुशालराव दोन्ही हात पसरून आडवे झाले.

"याले हात नाई लावाचा! झुडुपं गेली का धुरा कुठं होता हे कोन सांगन? हा नत्थुजी वखर हानता हानता माह्या वावरात येऊन जेवाले बसन!"

पलीकडून नत्थुजी ओरडले, "मीही थेच म्हनतो! झुडुपं तोडली त हा अध्यक्ष माह्या खाटेपर्यंत येईन!"

वीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. अध्यक्षांनी अहवालात लिहिलं, 'सदर झुडपे हद्दीच्या खुणा असल्याकारणाने ती झुडपे नाहीत.' साहेबांनी सही केली. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं.

पावसाळा आला. टेकडी आता भादरून गुळगुळीत झालेली. पूर्वी वाट पाहत पाहत उतरणारं पाणी यंदा एका तासात धडधडत खाली आलं आणि टेकडीची माती, खडे, कुणाची तरी चप्पल असं सगळं घेऊन थेट विहिरीत घुसलं. विहीर काठोकाठ भरली. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतही असं झालं नव्हतं. साहेबांनी विहिरीच्या काठावर उभं राहून फोटो काढले, वर अहवाल पाठवला: 'अनधिकृत जोडण्या तोडल्याने पाणीपातळीत विक्रमी वाढ.' खुशालरावांनी तेल्हाऱ्याला फोन लावला.

"इवाई, पोहाचे कपडे शिवून ठेवा!"

दसऱ्याला पाणी चार पायऱ्या खाली गेलं. दिवाळीला बायकांच्या दोराला गाठ मारून तो लांब करावा लागला. संक्रांतीला बादली खाली आपटल्याचा आवाज आला आणि ती अर्धी गाळानं भरून वर आली. विहिरीत माणूसभर गाळ होता, त्यावर वीतभर गढूळ पाणी. खुशालराव काठावर बसून राहिले. वाचलेले सगळे घोट गेले कुठं, हे त्यांना समजेना.

तेवढ्यात फोन वाजला. "काय म्हनते पानी?" किसनरावांनी विचारलं.

"पानी... मज्यात हाये."

पिण्याचं पाणी आता कुठून? दुर्गाबाईंनी ते शोधलं. धुऱ्यावरच्या बोरीखाली ढोरं ओल चाटताना दिसली म्हणून त्यांनी हातभर उकरून पाहिलं, तर झिरा लागला. टेकडीवरून सुटलेलं पाणी त्या गचपणात तेवढं अडकून राहिलं होतं. गोड, गार पाणी, पण एका वेळी दोन गुंड, म्हणजे दोन घागरी भरतील एवढंच. दुर्गाबाई ते पहाटे आणत, नत्थुजींकडची माणसं तिन्हीसांजेला. दोन्ही घरांनी तोंड बंद ठेवलं. गावानं विचारलं असतं की सगळ्यांची टेकडी भादरायला लावणाऱ्या अध्यक्षाचा धुरा झिपरा कसा. खुशालराव ते पाणी पीत आणि शेजारी बायका गढूळ पाणी फडक्यानं गाळताना दिसल्या की मान वळवत. लाज वाटे, पण तहानही लागे.

ते राजापेठेत साहेबांकडे गेले. खालून नितेशच्या क्लासमधल्या पोरांचा सूत्रं घोकण्याचा आवाज येत होता.

"पाणी गेलं?" साहेब चकित झाले. "कुणाच्या परवानगीनं?"

"थे विचारून नाई गेलं साहेब. अडवाले कोनीच नव्हतं."

साहेब विचारात पडले. बराच वेळ पडले. मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. झुडूप दोन कामं करतं: एक, पाणी अडवतं, दोन, पाणी पितं. पहिलं काम जनहिताचं, दुसरं बेकायदेशीर. आपली चूक एवढीच झाली की आपण दोन्ही कामं एकदम बंद केली. आता अडवणारं, पण न पिणारं झुडूप हवं. साहेब खिडकीशी गेले. समोरच्या दुकानाच्या दारात हिरवीगार प्लास्टिकची झाडं मांडून ठेवली होती. साहेबांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की खुशालरावांनाही आपोआप धीर आला.

निविदा निघाली. ट्रक भरभरून प्लास्टिकची झुडपं बोरटेकला आली. जिथं बोर होती तिथं जुन्याच क्रमांकाचं प्लास्टिकचं झुडूप, वाऱ्यानं उडू नये म्हणून सिमेंटच्या गोल चौथऱ्यात पक्कं बसवलेलं. माघात टेकडी हिरवीकंच दिसू लागली. "चैत्रातही अशीच राहील. तुमची ती बोर करून दाखवेल का हे?" साहेबांनी विचारलं, आणि खरंच बोरीला ते कधी जमलं नव्हतं. इनायतुल्लाच्या म्होरक्या बकरीनं एक पान चावून पाहिलं आणि मालकाकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं तिची माफी मागितली. होळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. पाणी सिमेंटला धडकलं, बाजूनं वळलं आणि आधीपेक्षा जोरात गावातून निघून गेलं.

पण वरून, आकाशातून काढलेल्या चित्रात बोरटेक हिरवं दिसलं. ऐन उन्हाळ्यात हिरवं असलेलं गाव म्हणजे पाण्याचं गाव, हे उघडच आहे. बोरटेकला 'जलसमृद्ध' घोषित करण्यात आलं. जलसमृद्ध गावाला टँकर मिळत नाही, हेही तितकंच उघड होतं.

वैशाख आला. लग्नाच्या चार दिवस आधी कक्षाकडून तातडीचा निरोप आला. झुडपांवर धूळ बसल्यामुळे गावाचा हिरवेपणा वरून कमी दिसू लागला होता. सबब झुडपं धुण्यासाठी टँकर मंजूर. टँकरची तारीख नेमकी लग्नाची. साहेबही त्याच दिवशी पाहणीला आणि जेवायला येणार. खुशालरावांनी देवाला हात जोडले. झुडपांसाठी का होईना, पाणी येतंय.

लग्नाच्या दिवशी मांडवात चुलाण पेटलं. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात टाकले, वांग्यांची भाजी फोडणीला गेली, डाळीच्या कढया बाजूला थांबल्या. टँकर आला. बाया गुंड घेऊन धावल्या, तर ड्रायव्हरनं हात आडवा केला.

"मानसाले द्याची परवानगी नाई. फकस्त झुडपाले."

"मानसाले नको देऊ," खुशालराव म्हणाले. असल्या वेळी त्यांचं डोकं चाले. "तू तुह्या झुडपाले दे."

आणि गावातल्या बाया नव्या लुगड्यांत टेकडीवर चढून एकेका प्लास्टिकच्या झुडपाखाली गुंड धरून बसल्या. वरून पाइपानं पानं धुतली जात होती, खाली गळतं पाणी गुंडात पडत होतं. साहेबांनी हे दुरून पाहिलं आणि लोकसहभागाबद्दल समाधान व्यक्त केलं. पाणी गाळून कढयांत ओतलं गेलं. आच लागली. उकळी आली.

तास गेला, दोन गेले. तेल्हाऱ्याचं वऱ्हाड उतरलं, मुहूर्त सांजेचा म्हणून आधी पंगत बसली, पत्रावळ्यांवर रोडगे आले, भाजी आली. आचारी खुशालरावांच्या कानाशी लागला. "मालक, डाळ शिजून नाई राह्यली."

किसनराव पंगतीतून उठून चुलाणापाशी आले. त्यांनी पळी बुडवली. डाळीचा दाणा दाण्यासारखा होता. त्यांनी पळीतलं पाणी जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले. आपल्या घरचं माणूस अंधारातही ओळखू येतं, तसं त्यांनी ते ओळखलं.

"हे माह्या बोअरचं पानी हाये."

आचाऱ्यानं चुलाणातलं लाकूड मागे ओढलं.

"टँकरवाला भरून नेते आमच्या वावरातून. मी इचारलं कायले नेतं बावा हे खारं पानी, त म्हने कोन्या गावाची झुडुपं धुवाची हायेत. मी हासलो होतो." त्यांनी पळी खाली ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "खुशालराव, हुंडा मांगला असता त तुमी देला असता. पानी मांगलं, त माहंच पानी मले पाजता?"

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. मंगलाष्टकं अजून व्हायची होती. खुशालरावांनी मांडवाकडे पाहिलं. प्राजक्ता मुंडावळ्या बांधून बसली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. रडत नव्हती, नुसती बापाकडे पाहत होती, लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर पाहायची तशी.

दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या, "आता कोनापासून लपोता?"

खुशालरावांनी नव्या फेट्यावर गुंड ठेवला आणि सगळ्या गावासमोर धुऱ्याची वाट धरली. मागून पावलं ऐकू आली. वळून पाहिलं तर नत्थुजी, त्यांच्याही डोक्यावर गुंड.

"धुरा अर्धा माहा हाये," नत्थुजी म्हणाले. "म्हंजे पानीही अर्धं माहं. माहं अर्धं मी आनतो. पोरगी काय तुमच्या एकट्याची हाये?"

झिऱ्याचं पाणी त्यांच्या हातानं हळूहळू भरत गेलं, खेप मागून खेप आली. पंगत थांबून राहिली. दिवस कलता कलता डाळ गळाली. पहिली वाटी किसनरावांना दिली. त्यांनी ती तोंडाला लावली, मग दुसरी मागितली, मग तिसरी, आणि मिशी पुसत म्हणाले, "लावा मंगलाष्टकं."

लग्न झालं. जेवणं झाल्यावर गावानं अध्यक्षांना बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. इनायतुल्ला तेवढा सभ्यपणे म्हणाला, "खुशालरावभाऊ, तुमच्या झुडपाले नोटीस नव्हती आली का? का थे बकरीच्या आधी तुमीच खाल्ली?"

साहेब मात्र धुऱ्यावर उकिडवे बसले होते. टेकडी कोरडी आणि धुरा ओला, हा फरक कशामुळे? झुडपांमुळे? शक्य नाही, झुडपं पाणी पितात, हे कक्षानं पूर्वीच सिद्ध केलेलं. गवतामुळे? तेही पितं. मग धुऱ्यावर असं काय आहे, जे टेकडीवर नाही? साहेबांनी दोघांना विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. धुऱ्यावर भांडण होतं!

पावसाळ्यापूर्वी आदेश निघाला. पाणी टिकवण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्यानं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून किमान एक वाद सुरू ठेवावा. ज्यांचे वाद मिटले आहेत त्यांनी ते उकरून काढावेत. प्रशिक्षक म्हणून खुशालराव आणि नत्थुजींची नेमणूक झाली. दोघं एकाच मोटारसायकलवर गावोगाव जात, लोकांसमोर तासभर एकमेकांचा उद्धार करत आणि येताना एकाच डब्यातलं खात. लग्नापासून त्यांची मैत्री झाली होती, पण ते कार्यालयाला कळवलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे योजना लागू पडली. जिथं जिथं वाद पेटला, तिथं धुऱ्यावरच्या काडीलाही कुणी हात लावेना, आणि खालच्या विहिरींना थोडं थोडं पाणी दिसू लागलं. कक्षाचा सत्कार झाला. बोरटेकच्या टेकडीवरची प्लास्टिकची झुडपं लिलावात निघाली आणि ट्रक भरून राजापेठेच्या दुकानांत परत गेली.

दिवाळीनंतर खुशालराव लेकीकडे निघाले. सोबत धुऱ्याच्या पाण्याची कॅन. अकोल्याला बस बदलताना त्यांनी ती मांडीवर घेतली, कारण किसनरावांनी खास सांगितलं होतं, जावयाला वरण त्याच पाण्यात खाऊ घाला. राजापेठेतलं घर छान होतं. अंगणात कडुलिंब होता म्हणे. पानं पडून कचरा होतो म्हणून नितेशनं तो काढला होता आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लॉक बसवले होते. पावसाचं पाणी थांबत नाही, लगेच रस्त्यावर जातं, असं त्यानं अभिमानानं सांगितलं.

बैठकीत टीव्हीशेजारी एक हिरवंगार झुडूप होतं. खुशालरावांना ते ओळखीचं वाटलं. बुडाशी अजून सिमेंटचा कपचा आणि पांढऱ्या रंगानं लिहिलेला क्रमांक होता.

"मस्त हाये ना बाबा?" प्राजक्ता म्हणाली. "पानीच नाई लागत याले! फकस्त धूळ बसते." तिनं फडकं घेतलं. नळाचा दिवस उद्या होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कॅनचं झाकण उघडलं, फडकं आत बुडवून पिळलं आणि एकेक पान पुसू लागली.

खुशालरावांनी तोंड उघडलं. मग टेकडी भादरायच्या आदेशावर अध्यक्ष म्हणून केलेली आपली सही त्यांना आठवली, आणि तोंड मिटलं. ते म्हणाले, "पोरी, खालची पानंही पूस. सुटली हायेत."

तुम्ही हसलात, बरं झालं. आता उठून तुमच्या टीव्हीशेजारचं झाड जरा उलटं करून पाहा. क्रमांक असेल. आणि परवा ते ज्या फडक्यानं पुसलंत ते अजून ओलं असेल, तर ते पाणी कुणाच्या विहिरीचं होतं, तेवढं आम्हाला कळवा. बोरटेकला अजून पत्ता लागलेला नाही.